साहेबांवर माहितीपट करायचा तर सुरुवात कोनशिलेपासून करा

विदर्भातल्या कुठल्याही तालुक्यात सकाळी साडेसहाला मोटरसायकल काढा आणि रस्त्यात लागेल ती प्रत्येक कोनशिला थांबून वाचा. समाजमंदिर, पाण्याची टाकी, पांधण रस्ता, साठवण तलाव, प्रवासी निवारा. जुन्या दगडावरची रंग उडालेली अक्षरं लांबून लागत नाहीत. बाटलीतलं पाणी ओतून धूळ धुवा आणि ऊन तिरपं आहे तोवर फोटो घ्या. खोदलेल्या अक्षरांच्या कडेला सावली पडते आणि तारीख वाचता येते. दुपारी बारा वाजता तोच दगड कोरा दिसतो.

एका लहान कालव्यावर मला शंभर पावलांच्या अंतरात दोन कोनशिला सापडल्या. काम एकच, नेते एकच, मधे अकरा वर्षं. पहिल्या दगडावर भूमिपूजन लिहिलेलं, दुसऱ्यावरही भूमिपूजनच. कालव्यात कंबरेएवढं गवत होतं. धुऱ्यावर उभ्या असलेल्या कास्तकाराला विचारलं, तर तो म्हणाला, "माह्या बापानं या कालव्यासाठी दोन एकर देली. तो गेला. पाणी नाही आलं अजून." माझ्या पहिल्या माहितीपटाची पहिली दोन मिनिटं ही अशी मिळाली. मुलाखतीची वेळ मागावी लागली नाही, की कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

हा लेख अशा पोरापोरींसाठी आहे ज्यांच्या मनात आपल्याच भागातल्या एखाद्या मोठ्या नेत्यावर फिल्म करायची आहे, पण हाताशी चॅनेल नाही, निर्माता नाही, ओळखीचा वकीलही नाही. काम करता येतं. मात्र ते कोणत्या क्रमानं करायचं याला फार महत्त्व आहे. बहुतेक जण आधी कॅमेरा काढतात आणि तिथंच अडकतात.

आधी एक प्रश्न ठरवा

"साहेबांचा जीवनप्रवास" हा प्रश्न नाही. तो त्यांच्या वाढदिवसाच्या पुरवणीचा मथळा आहे. तीस-पस्तीस वर्षं ज्या माणसाचा शब्द जिल्ह्यात चालतो त्याचं सगळं आयुष्य एका फिल्ममध्ये मावत नाही, आणि मावतं असं वाटलं तर ती जाहिरात तरी होते नाहीतर आरोपपत्र तरी. त्यापेक्षा एका ओळीत प्रश्न लिहा. या तालुक्यात शाळेतली नोकरी साहेबांच्या चिठ्ठीशिवाय मिळते का? धरणासाठी उठवलेल्या गावांना दिलेलं कोणतं आश्वासन पाळलं गेलं? सूतगिरणी कशी उभी राहिली आणि कशी बंद पडली? उत्तर तुम्हाला आधीच माहीत असेल तर प्रश्न बदला.

आपल्याकडची सत्ता भाषणात कमी आणि व्यवस्थेत जास्त असते. शिक्षण संस्था, जिल्हा बँक, खरेदी-विक्री संघ, बाजार समिती, रेती घाट, ठेके. एकाच घरातला थोरला मुलगा संस्थेच्या शाळेत शिपाई, सून अंगणवाडीत, बापाचं पीककर्ज सोसायटीत, पुतण्या ठेकेदाराकडे मुकादम. या घरातला माणूस साहेबांबद्दल काय बोलेल आणि काय बोलणार नाही, हे समजून घेणं म्हणजेच तुमची फिल्म. त्याच घरात साहेबांचा फोटो मनापासून लावलेला असू शकतो, कारण मुलाचं ऑपरेशन खरंच त्यांच्या एका फोनमुळे झालं. तो फोटो फिल्ममध्ये आला नाही तर गाव तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

कॅमेऱ्याआधी कागद

पहिले तीन महिने कागदांना द्या. यात खर्च कमी होतो आणि पुढे नोटीस आली तर हेच कागद तुम्हाला वाचवतात.

सुरुवात निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रापासून. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हेगारी खटले जाहीर करावे लागतात. नमुना २६ मधली ही प्रतिज्ञापत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या 'मायनेता' या संकेतस्थळावर ती मांडणी करून ठेवलेली आहेत. पाच निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवून एक तक्ता करा. जमिनीचे गट क्रमांक उतरवून घ्या आणि सातबारा, फेरफार यांच्याशी ताडून पाहा. मालमत्ता वाढली एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, जमिनीचे भाव सगळ्यांचेच वाढले. बघायचं ते एवढंच की वाढ आणि पद यांच्या तारखा कुठं जुळतात का.

दुसरा कागद नमुना २०. मतदान केंद्रनिहाय कुणाला किती मतं पडली ते यात असतं आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो. चित्रीकरणाची गावं मी यावरूनच निवडतो. जिथं साहेबांना भरभरून मतं पडतात असं एक गाव, जिथं ते कायम मागे राहतात असं एक, आणि जिथं मतं एका निवडणुकीत अचानक फिरली असं एक. तिसऱ्या गावात हमखास काहीतरी घडलेलं असतं. एक सावधगिरी ठेवा. २००८ च्या पुनर्रचनेनंतर मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या आणि २००९ ची निवडणूक नव्या हद्दींवर झाली. त्याआधीच्या आकड्यांशी सरळ तुलना करू नका.

तिसरं म्हणजे विधिमंडळाची कार्यवाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा. साहेबांनी सभागृहात तुमच्या तालुक्यासाठी काय मागितलं आणि काय मागितलं नाही, दोन्ही नोंदवा. विदर्भ मराठी राज्यात सामील होताना झालेल्या नागपूर करारामुळे दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात होतं. बाहेरून येणाऱ्या मंत्र्या-आमदारांचा मुक्काम तेव्हा रवि भवन, नाग भवन, आमदार निवास अशा ठिकाणी असतो आणि गावागावांतून मोर्चे येतात. जी माणसं गावात बोलायला कचरतात, ती मोर्चात शेजारी चालता चालता मोकळी होतात. हिवाळी अधिवेशनाचे दिवस कॅलेंडरवर आधीच राखून ठेवा.

मग माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. त्यामुळे "तालुक्यातल्या सर्व कामांची माहिती द्या" असं लिहू नका. एका कामाचं नाव घ्या आणि अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (झालेलं काम मोजून ज्यात लिहितात ती वही), अंतिम देयक आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्याचा निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत दुसरं. राज्य माहिती आयोगाची खंडपीठं नागपूर आणि अमरावतीला आहेत. दुसऱ्या अपिलाला फार वेळ लागतो, म्हणून फिल्म ज्या कागदावर उभी आहे तो कागद पहिल्या महिन्यातच मागा. प्रती मागण्याआधी अभिलेखाची पाहणी करायला विसरू नका. नोव्हेंबर २०१८ च्या शासन परिपत्रकानं जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ त्यासाठीच ठेवली आहे. मोजमाप पुस्तिकेचं पान समोर उघडं असताना जे कळतं ते झेरॉक्सवर कळत नाही. खाडाखोड कुठल्या शाईत आहे, सही कुठल्या तारखेची आहे, हे डोळ्यांनी बघा.

शिक्षण संस्थेचे विश्वस्त आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, सहकारी संस्थेचे लेखापरीक्षण अहवाल निबंधकांकडे. सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी ठरवण्याचे आदेश निघालेले असतात, ते शोधा. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या जिल्हा बँका डबघाईला आल्या तेव्हा ठेवीदारांनी काय सोसलं ते या भागात सगळ्यांना माहीत आहे, पण आदेशाचा कागद प्रत्यक्ष वाचलेली माणसं फार कमी भेटतील. आमदार निधीतून झालेल्या कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात मिळते. ती यादी आणि तुम्ही गोळा केलेल्या कोनशिला एकमेकींशी लावून पाहा.

मोठ्या प्रकल्पावर काम करत असाल तर काळाचा आवाका लक्षात घ्या. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि खर्च मूळ अंदाजाच्या कित्येक पट झाला. एवढ्या काळात सरकारं बदलली, मंत्री बदलले, पक्षही बदलले. अशा कामाचं श्रेय किंवा दोष एकट्या नेत्याच्या माथी मारणारी फिल्म खोटी ठरते. तुमच्या नेत्याकडे ते खातं किंवा ते पालकमंत्रिपद नेमकं कोणत्या वर्षी होतं, त्या वर्षांतले आदेश कोणते, इतकंच बोला.

पैसा आणि सामान

यावर नवखे लोक गरजेपेक्षा जास्त विचार करतात. चांगला फोन किंवा जुना मिररलेस कॅमेरा, एक तिपाई, दोन कॉलर माइक, एक रेकॉर्डर, तीन हार्ड डिस्क. पैसे कमी असतील तर कॅमेऱ्यातून वाचवा, माइकमधून वाचवू नका. अंधुक चित्र प्रेक्षक सहन करतो, पण आवाज नीट आला नाही तर तो उठून जातो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, फोन तापून बंद पडतो, म्हणून सकाळी दहापर्यंत आणि मग पाचनंतर. शेतीच्या विजेचं वेळापत्रक माहीत करून घ्या. थ्री-फेज रात्री असेल तर माणूस रात्रभर ओलीत करून आलेला असतो, त्याला सकाळी मुलाखतीला बसवू नका. पेरणी, सोयाबीनची सोंगणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कुणाचा वेळ मागू नका. जानेवारी ते मार्च बरा.

पैसे कुणाकडून घेतले हे वहीत लिहा आणि फिल्मच्या शेवटी दाखवा. साहेबांच्या विरोधकाकडून चहासुद्धा हिशेबानं प्या. त्याच्या गाडीत बसलात की संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर चर्चा होते आणि फिल्म त्याची होऊन जाते. परदेशातून मदत देऊ करणारं कुणी भेटलं तर आधी वकिलाला विचारा. २०१० च्या परकीय अंशदान कायद्याच्या कलम ३ नं बातम्या आणि चालू घडामोडींचे दृकश्राव्य कार्यक्रम करणाऱ्यांना परदेशी निधी घ्यायला मनाई केली आहे. तुमचं काम त्यात मोडतं का, हे पैसे खात्यात येण्याआधी कळलं पाहिजे.

माणसं

आता मुख्य काम. फिल्म झाल्यावर तुम्ही नागपूरला, पुण्याला, आपापल्या घरी जाता. बोललेला माणूस तिथंच राहतो. त्याची सोसायटी तीच, शाळा तीच, रेशनचं दुकान तेच. इथून पुढचा प्रत्येक निर्णय हे समोर ठेवून घ्या.

माझ्याकडून झालेली चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. एका बाईंनी नाव न सांगण्याच्या अटीवर मुलाच्या नोकरीसाठी मागितलेल्या पैशांबद्दल सांगितलं. मी चेहरा झाकला, आवाज बदलला, गावाचं नाव काढलं. पण एका दृश्यात त्या ओसरीत बसल्या होत्या आणि मागच्या भिंतीवर घरकुल योजनेचा मजकूर रंगवलेला होता. लाभार्थ्याचं नाव पुसट झालं होतं, क्रमांक मात्र वाचता येत होता. गावाला तेवढं पुरलं. चार दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो ओरडला नाही, भांडला नाही, एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही म्हटलं होतं कोणाले समजणार नाही." मी ते दृश्य काढलं, पण तोवर उशीर झाला होता.

तेव्हापासून मी असं करतो. ज्याची ओळख लपवायची त्याला त्याच्या घरात, शेतात, गावात चित्रित करत नाही. बाहेरगावी नातेवाइकाकडे किंवा तालुक्याच्या ठिकाणी भाड्याच्या खोलीत बसवतो. चेहरा नंतर धूसर करत बसत नाही, चित्रीकरणच हातांचं, सावलीचं किंवा रिकाम्या भिंतीचं करतो, म्हणजे मूळ फाइलमध्येही चेहरा नसतो. बांगड्या, गोंदण, दुपट्ट्याचा रंग, गाडीचा नंबर, मागे भुंकणारं कुत्रं आणि शेजारच्या देवळाची घंटा, सगळं तपासतो. मजकूरही तपासतो. "२०१४ ला माझ्या धाकट्याला गणिताची जागा" एवढ्या एका वाक्यावरून माणूस सापडतो.

संमती दोनदा घ्या. एकदा कॅमेऱ्यासमोर, फिल्म कशाबद्दल आहे आणि कुठं दाखवली जाईल हे सांगून. दुसऱ्यांदा संकलन झाल्यावर, त्यांचा भाग त्यांना दाखवून. दुसऱ्या वेळी नको म्हणाले तर काढून टाका. फिल्मचा सगळ्यात चांगला भाग असला तरी काढा.

मुलाखतीला बसताना मत विचारू नका. "साहेब कसे आहेत?" याला "देवमाणूस" हेच उत्तर येतं आणि त्यातून काही कळत नाही. तारीख, रक्कम, जागा विचारा. मुलाची ऑर्डर कुणाच्या हातून मिळाली? त्या दिवशी तुम्ही कुठं बसला होता? सोबत कोण होतं? परत येताना काय बोललात? घटनेत शिरलेला माणूस सगळं आपणहून सांगत जातो. त्यानं सांगितलेली रक्कम, तारीख मात्र कागदावर किंवा दुसऱ्या स्वतंत्र माणसाकडून पडताळल्याशिवाय वापरू नका.

खोलीत कोण येतं याकडे लक्ष ठेवा. एकदा एक जुने कार्यकर्ते चाळीस मिनिटं अगदी मोकळे बोलत होते. सतरंज्या उचलल्याचे दिवस, पहिल्या निवडणुकीत सायकलवर लावलेला भोंगा. तेवढ्यात शेजारचा एक जण चहाचा कप घेऊन दारात टेकला. काही बोलला नाही, नुसता बसला. कार्यकर्त्यांचा आवाज तोच राहिला, चेहराही तोच, पण "मी" गेला आणि "आपण" आलं. "आपण साहेबांसोबत कायमच राहिलो." मी कॅमेरा बंद केला नाही, पण त्यानंतरचं काहीही वापरलं नाही. अशा वेळी मुलाखत आवरती घ्या, पाऊसपाण्याचं बोला, उठा. दुसऱ्या दिवशी त्या दारात टेकलेल्या माणसालाही भेटा. त्याचीही एक बाजू असते.

पंखा बंद करायला सांगायला संकोच करू नका. मुलाखत संपल्यावर मिनिटभर सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा नुसता आवाज रेकॉर्ड करा, संकलनात सांधे बुजवायला लागतो. आणि त्या मिनिटात माणसाच्या चेहऱ्याकडे बघा. पुष्कळदा तो त्यानंतर आणखी एक गोष्ट सांगतो.

सभा आणि मिरवणूक

जाहीर सभेचं चित्रीकरण करायला सहसा अडचण येत नाही. व्यासपीठाकडे पाठ करून उभे राहा. साहेबांचं भाषण दहा जण टिपत असतात, ते मिळतं. तुम्ही टिपायचं ते म्हणजे पुढच्या रांगेतल्या सोफ्यांवर कोण बसलं, मागून बायकांचे जथे कोणत्या गाड्यांतून आले, टाळीची खूण कोण करतं, भाषण संपायच्या आधी कोण उठलं. भाषणाचा सलग, न तोडलेला आवाज स्वतः रेकॉर्ड करून ठेवा. पुढे "माझं वाक्य तोडलं" असा आक्षेप आला तर तोच कामाला येतो. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. व्हीआयपी बंदोबस्तात, गडचिरोलीसारख्या भागात आणि ताडोबा-मेळघाटसारख्या जंगलांत तर मुळीच नको.

साहेबांची बाजू

यांना शेवटी भेटा, पण भेटाच. स्वीय सहायकाला तोंडी सांगून थांबू नका. नेमके प्रश्न लिहून पत्र स्पीड पोस्टनं आणि ईमेलनं पाठवा, पोच जपून ठेवा, निदान पंधरा दिवस द्या. जो आरोप फिल्ममध्ये आहे तो प्रत्येक आरोप पत्रात असलाच पाहिजे. उत्तर आलं नाही तर पत्राची तारीख पडद्यावर दाखवा. मुलाखत मिळाली तर ज्या प्रश्नासाठी गेला आहात तो दहाव्या मिनिटाला विचारा. शेवटी ठेवलात तर फोन येतो, माणसं येतात, साहेब उठतात. कागद समोर ठेवून शांतपणे विचारा. साहेबच म्हणा, आवाज चढवू नका. आपल्याकडे वयानं मोठ्या माणसाशी तोडून बोललेलं प्रेक्षकाला आवडत नाही आणि सहानुभूती तिकडे जाते. उत्तर पटण्यासारखं निघालं तर फिल्म बदला. माझ्या दुसऱ्या माहितीपटात एक अख्खं प्रकरण असं गेलं, कारण त्यांनी दाखवलेला शासन निर्णय मी वाचलाच नव्हता.

संकलन, भाषा, जुनी दृश्यं

वऱ्हाडी बोलणाऱ्याच्या तोंडी पुणेरी उपशीर्षकं घालू नका. "मले काही भेटलं नाही" हे "मला काहीही प्राप्त झाले नाही" असं झालं की माणूसच बदलतो. उपशीर्षकं बोलीतच ठेवा, अवघड शब्द तेवढा सोपा करा. भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली वेगळी, बुलढाण्याकडची वेगळी. लिहून काढायला त्याच भागातलं माणूस घ्या आणि त्याला पैसे द्या.

चॅनेलची जुनी दृश्यं वापरताना स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मधली टीका-समीक्षेसाठीची सवलत उपयोगी पडते, पण तुकडा लहान हवा आणि त्यावर तुमचं भाष्य हवं. नुसती भर म्हणून टाकू नका. त्याहून चांगलं म्हणजे जुने कार्यकर्ते आणि गावातले फोटोग्राफर. त्यांच्याकडे सत्काराचे अल्बम आणि व्हिडिओ कॅसेटी असतात. लेखी परवानगी घ्या, नाव द्या, मूळ वस्तू त्याच आठवड्यात परत करा.

मूळ फायलींच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जिल्ह्याबाहेर. चित्रीकरणाच्या दिवशीच प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा अंकाक्षरी ठसा, काढून वहीत नोंदवा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली डिजिटल पुरावा दाखल करताना जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात हा हॅश मागतात.

कायदा

एक वकील पहिल्या दिवसापासून सोबत हवा आणि अंतिम प्रत त्यानं ओळ न ओळ वाचलेली हवी. अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड, दोन्ही किंवा सामुदायिक सेवा. विधान खरं आहे एवढं पुरत नाही, ते सार्वजनिक हिताचंही असावं लागतं. लोकसेवकाच्या सार्वजनिक वागणुकीवर सद्भावनेनं व्यक्त केलेलं मत मात्र अब्रुनुकसानीत मोडत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९४ च्या राजगोपाल निकालात सांगितलं आहे की न्यायालयीन कागदांसह सार्वजनिक अभिलेखांवर आधारलेल्या प्रकाशनाला त्या व्यक्तीची संमती लागत नाही. म्हणून आधी तीन महिने कागद. निवेदनात "भ्रष्ट" हा शब्द वापरू नका. आदेशाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम वाचा. घरच्यांचं आजारपण, लग्न, जात यांत शिरू नका, प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

चित्रपटगृहात किंवा जाहीर खेळासाठी १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं. सेन्सॉर मंडळानं नाकारलं तर पूर्वी अपील न्यायाधिकरण होतं, ते २०२१ मध्ये रद्द झालं, आता उच्च न्यायालयात जावं लागतं. ऑनलाइन प्रदर्शनाला हे प्रमाणपत्र लागत नाही. पण २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत आणि त्यांखाली दुवे हटवले जाऊ शकतात. जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधानांवरच्या बीबीसीच्या माहितीपटाबाबत तसं झालं. निवडणुकीच्या तोंडावर प्रदर्शन करू नका. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत निवडणूकविषयक मजकूर दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नं बंदी आहे, आणि २०१९ मध्ये आयोगानं पंतप्रधानांवरच्या चरित्रपटाचं प्रदर्शन मतदान होईपर्यंत थांबवलं होतं. शिवाय त्या दिवसांत तुमची फिल्म कुणाची तरी प्रचारसामग्री होते.

पत्रकारांवरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, पण तो प्रसारमाध्यम संस्थेत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेला आहे. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यानं त्यावर विसंबू नये. गावात एकटे जाऊ नका, कुठं आहात हे रोज संध्याकाळी एका ठरलेल्या माणसाला कळवा, धमकीचा फोन आला तर तारीख-वेळ लिहून तक्रार अर्ज द्या आणि पोच घ्या.

पहिला खेळ

पहिल्यांदा फिल्म दाखवायची ती बोललेल्या माणसांना, निमंत्रितांपुरती. ओसरीत, पांढऱ्या चादरीवर, उधारीच्या प्रोजेक्टरवर चालेल. अंधार पडल्यावर, जेवणं झाल्यावर. वही घेऊन मागे बसा आणि कोण कुठं हललं ते लिहा. कुणाला स्वतःचं वाक्य नको वाटलं, कुणाला गावाचं नाव चुकीचं लिहिलेलं दिसलं, कुणाला तारीख एका वर्षानं पुढची वाटली, ते दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त करा.

फिल्म बाहेर पडल्यावर पहिला आठवडा रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, ज्यांनी ज्यांनी तोंड उघडलं त्या प्रत्येकाला फोन करा. सोसायटीचं कर्ज अडलं का, पोराची बदली झाली का, कुणी येऊन बसलं होतं का, हे नाव घेऊन विचारा. काही घडलं असेल तर वकिलासह त्या गावी जा. त्या कालव्याच्या कास्तकाराला मी अजूनही पावसाळ्याआधी फोन करतो. मागच्या वेळी त्यानं सांगितलं की कालव्यातलं गवत काढायला यंत्र आलं होतं, दोन दिवस चाललं आणि परत गेलं. मी तारीख लिहून घेतली.